साडेसहा मिलिमीटरची कडी

कुठल्याही दुकानात शिरला की तो आधी फळीखाली एक बोट घालायचा. बोटाने फळी केसभर उचलायची, सोडायची आणि कान देऊन उभं राहायचं. फळी डुगडुगली तर "हालतेय" म्हणायचा. नाही डुगडुगली तर काहीच म्हणायचा नाही. पेणच्या बाजारातले दुकानदार त्याला ओळखून होते. "आलास? घे, तपास एकदाचं," म्हणत ते स्वतःच बरण्या सरकवून जागा करून द्यायचे.

दुसरी सवय जिभेची. कुणी घडीची खुर्ची, घडीचा पलंग, काहीही कौतुकाने उघडून दाखवलं की हा मान तिरकी करून म्हणायचा, "उघडील कोनपन. मिटून दाखवा." आणि खरोखरच, दहातले सात जण तिथे अडकायचे. बोट चिमटायचं, पाय वाकडा बसायचा. हा हसायचा नाही. पुढे होऊन दोन बोटांनी वस्तू मिटायचा आणि परत द्यायचा.

मला त्याचा हेवा वाटत असे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्या शब्दांतून किती वजा करायचं ते तुम्हाला ठरवता येईल.

पेणला आमच्या शेठचा तारकामाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दोन वेल्डिंग मशीन, तार सरळ करायचं एक यंत्र आणि चौदा माणसं. अंड्यांच्या टोपल्या, ताटाळी, बाटल्यांचे क्रेट, दुकानांसाठी तारेच्या रॅक. मी ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला. माझ्याकडे टेबल, टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि व्हर्नियर. तारेची जाडी मी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजत असे आणि मोजलेला प्रत्येक आकडा वहीत लिहीत असे. म्हणून मला सगळे मास्तर म्हणायचे.

तो माझ्याच वयाचा. वडखळच्या पुढे धरमतरच्या खाडीकडेला त्याचं गाव. घरचे मिठागरावर राबणारे, पण याचा बाप पेणच्या बाजारात बसून छत्र्या दुरुस्त करायचा आणि हाही लहानपणापासून छत्रीच्या काड्यांतच वाढला होता. शेठने त्याला रोजंदारीवर घेतला. कारखान्यात त्याचं नाव पडलं छत्रीवाला. तो व्हर्नियर वापरायचा नाही. तार अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवायचा आणि सांगायचा, "ही सहा नाय, मास्तर. जरा कमी हाय." मी मोजायचो. पाच पूर्णांक आठ. मग मी म्हणायचो, "चालतं तेवढं," आणि वहीत पाच पूर्णांक आठ लिहायचो. त्या आकड्याचा शोध मला नव्हे, त्याच्या बोटांना लागलेला असे, ते मात्र वहीत लिहायला जागा नव्हती.

हेवा घरापर्यंत कसा पोचला तेही सांगतो. एकदा कामाचा निरोप घेऊन तो आमच्या घरी आला. दारात माझ्या बायकोची छत्री मोडून पडली होती. आदल्या रविवारी मी ती दुरुस्त करायला घेतली होती. दोन काड्यांची लांबी मोजली होती, आकृती काढली होती आणि छत्री होती तशीच राहिली होती. हा उंबऱ्यावर बसला, खिशातून पक्कड काढली आणि चहा येईपर्यंत छत्री उघडून मिटून झाली.

"घ्या वयनी. घोडा ढिला झालेला, दुसरं काय नाय." छत्रीच्या दांड्यात दाबायची जी कमानीची तार असते तिला घोडा म्हणतात.

तो गेल्यावर बायको म्हणाली, "बघा. तुमच्या चार कागदांत एक छत्री उघडली नाही."

"मी कारण शोधत होतो," मी म्हणालो.

"शोधा. पाऊस थांबलाय तुमच्यासाठी."

पुढे त्याने तिला पापड वाळत घालायची तारेची घडीची जाळी करून दिली. मागितली नव्हती. चार पाय, गच्चीवर उघडायची, संध्याकाळी मिटून दाराच्या मागे ठेवायची. आमच्या आळीतल्या सहा बायकांनी तसल्या जाळ्या करून घेतल्या. माझ्या हातची एक वस्तू घरात होती, वर्तमानपत्रांचा स्टँड. तिच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती. तिथेही तो बोट घालून गेला होता. "हालतेय" म्हणाला नाही, एवढंच.

मग रोह्याची ऑर्डर आली.

रोह्याचा एक घाऊक व्यापारी साबण, बिस्किटं, चहाची पाकिटं नागोठण्यापासून मुरूडपर्यंतच्या दुकानांना पुरवत असे. त्याला दुकानदारांना भेट द्यायला रॅक हव्या होत्या. सकाळी दुकानाच्या पायरीवर उभ्या करता येतील, संध्याकाळी मिटून आत घेता येतील अशा. कप्पे वरखाली सरकले पाहिजेत, कारण आज साबण तर उद्या तेलाचे डबे. तीनशे नग. आणि पसंत पडली तर पुढे रोह्याला, धाटावच्या बाजूला, एक शेड घेऊन फक्त याच रॅक करायच्या.

शेठने आम्हा दोघांना बोलावलं. मी आठवड्याभरात चार ड्रॉइंग्ज काढली. प्रत्येक कप्प्यावर अठरा किलो भार धरून तारेची जाडी काढली, पायांचा कोन काढला. त्याने खिशातून तळहाताएवढी रॅक काढली. बारीक तारेची. टेबलावर ठेवली, उघडली, चिमटीने कप्पे वरखाली केले. कप्प्याच्या कडेला छत्रीचा घोडा होता. दाबला की कप्पा सरकायचा, सोडला की तिथेच अडकायचा. मग त्याने ती मिटली आणि परत खिशात टाकली. मिटल्यावर आगपेटीएवढी दिसत होती.

शेठ बराच वेळ त्या खिशाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मास्तरांची चौकट आणि याचा घोडा. दोघं मिळून करा."

माझी चौकट होती हे खरं. तिच्यात चूक नव्हती. पण शेठची नजर खिशावर होती, कागदावर नव्हती, हे मी पाहिलं.

भांडण झालं ते कडीवरून. कप्प्याला चार कड्या, त्या कड्या उभ्या दांड्यांवरून सरकायच्या. दांडा सहा मिलिमीटर. मी कडीचं आतलं माप लिहिलं होतं साडेसहा. अर्धा मिलिमीटर सरकायला पुरे, जास्त दिला तर कप्पा डुलणार. त्याने कड्या वळल्या, मी व्हर्नियर लावला. साडेआठ.

"हे काय? ड्रॉइंग वाचता येतं ना?"

"येतं की."

मी कप्पा हातात घेऊन हलवला. सगळ्या कड्या खडखडल्या. "ही रॅक आहे का खुळखुळा? दुकानात ठेवायची का पाळण्यावर टांगायची?" सगळी शेड हसली. मी असं बोलणाऱ्यातला नव्हतो, म्हणून जास्तच हसली.

तो तारेचं टोक कानशीने घासत राहिला. "रंग चढू द्या, मास्तर," एवढंच म्हणाला.

मी शेठकडे गेलो. शेठ कंटाळला. "दोन्ही करा. एक साडेसहाची, एक याच्या मापाची. रोह्यात ज्याची पास होईल त्याला मी रोह्याच्या शेडवर नेमतो. कायम. झालं समाधान?"

कायम म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मी पगारी होतोच, मला वरची जागा मिळणार होती. तो रोजंदारीवर होता. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी काही नाही. त्याला हातावरच्या दिवसांतून महिन्यावर यायचं होतं. त्या आठवड्यात तो प्रथमच जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आला आणि विचारून गेला, "मास्तर, रोह्याला खोली मिळंल ना? दोघांपुरती?" मी म्हणालो, "बघू."

व्यापाऱ्याचं पत्र आलं होतं की खाऱ्या हवेत गंज चढतो, म्हणून रॅकना पांढरं प्लास्टिकचं कोटिंग हवं. मी ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'पांढरे कोटिंग' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. दोन्ही रॅक पनवेलला नेल्या. कोटिंग होऊन बाहेर आल्या तेव्हा गरम होत्या. "उद्यापर्यंत हात लावू नका," तिथला माणूस म्हणाला. मी कप्प्यांना हात लावला नाही. फक्त गोंधळ नको म्हणून पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या बांधल्या. माझी अ, त्याची ब. मग दोन्ही गोणपाटात गुंडाळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपोने रोह्याला निघालो. शेठ मोटारीने पुढे गेला होता. टेंपोत ड्रायव्हर, मी आणि तो. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. नागोठण्याला ड्रायव्हर आणि तो चहाला उतरले. मी म्हणालो, मला नको. मागे चढून मी अ चं गोणपाट सोडलं आणि कप्पा उचलला.

कप्पा उचलला गेला नाही.

घोडा दाबला. दोन्ही हातांनी जोर केला. कडी दांड्याला धरून बसली होती, डिंकाने चिकटवल्यासारखी. आणि कप्पे सरकल्याशिवाय रॅक मिटणार नव्हती. तेव्हा, टेंपोत गुडघ्यावर बसून, मी तो हिशेब केला जो महिनाभर आधी करायला हवा होता. सहाच्या दांड्यावर दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा मिलिमीटर थर चढला, झाला सात. साडेसहाच्या कडीत आतून तसाच थर बसला, राहिली साडेपाच. साडेपाचातून सात कसे जाणार? आणि साडेआठची कडी आता साडेसात होती. सातवर साडेसात. मी मागितलेला अर्धा मिलिमीटर त्याने बरोबर ठेवला होता.

ब चं गोणपाट सोडलं. कप्पा एका बोटाने वर गेला.

माझ्याकडे किती वेळ होता? चहाला लागतो तेवढा. मी आयुष्यात कधी आकडा खोटा लिहिला नव्हता. वाण्याने दोन रुपये जास्त दिले तर परत जाऊन देणारा मी माणूस. मी आकडा खोटा लिहिला नाहीच. मी फक्त दोन चिठ्ठ्यांच्या तारा सोडल्या आणि उलट बांधल्या. गोणपाटं पहिल्यासारखी गुंडाळली. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात कागदात बांधलेला वडा होता. "मास्तर, खा. सकाळधरनं काय खाल्लं नाय तुमी." मी तो वडा खाल्ला.

रोह्याला व्यापाऱ्याच्या गोदामात पाचसहा माणसं जमली होती. शेठ म्हणाला, "हे आमचे मास्तर, आणि हा कारागीर. दोघांची एकेक रॅक आहे. अ मास्तरांची, ब याची." रॅक उघडून दाखवायचं काम त्याचंच होतं. त्याने गोणपाट काढलं, अ ची चिठ्ठी असलेली रॅक उभी केली, सवयीने कप्प्याखाली बोट घातलं. बोट तिथेच थांबलं.

त्याने चिठ्ठीकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, फक्त चिठ्ठीकडे. मग त्याने कप्पे वर केले, खाली केले, घोडे अडकवले, सोडले आणि सगळी रॅक एका हाताने मिटून भिंतीला टेकवली. व्यापाऱ्याने टाळीच वाजवली.

मग दुसरी. उघडीच होती, उभी राहिली. छान उभी राहिली. तो पुढे काही करीना.

शेठला त्याची सवय माहीत होती. त्याला वाटलं, गंमत करावी. लोकांकडे बघत म्हणाला, "काय रे छत्रीवाल्या, उघडील कोनपन! मिटून दाखव की!"

सगळे हसले. त्याने रॅकला हात घातला. एकदा, दोनदा. त्याच्या मनगटाच्या शिरा वर आल्या. कड्या अजिबात हलणार नाहीत हे मला माहीत होतं आणि मला वाटतं त्यालाही माहीत होतं. पण त्याने तिसऱ्यांदाही ओढून पाहिलं. मग हात सदऱ्याला पुसले.

"नाय मिटत," तो म्हणाला.

तो का बोलला नाही, याचा मी वीस वर्षं विचार करतोय. कधी वाटतं, कोण ऐकणार होतं त्याचं? माझ्याकडे कागद होता, चिठ्ठी माझ्या अक्षरात होती. त्याच्याकडे फक्त बोट होतं. कधी वाटतं, त्याला तसं बोलणं सुचलंच नसेल. पण यातलं काहीही खरं असलं तरी माझं नाव त्यात येतंच.

मी रोह्याला गेलो. खोली दोन खणांची मिळाली, स्वयंपाकघर वेगळं. पहिल्याच दिवशी ट्रेसिंग पेपरवरचा साडेसहाचा आकडा दाढीच्या पात्याने खरवडला आणि त्या जागी साडेआठ लिहिलं. खाली माझी सही होतीच. तीनशेच्या पुढे आणखी किती रॅक गेल्या ते वहीत आहे. रोह्यात, कोलाडला, मुरूडला दुकानांच्या पायऱ्यांवर त्या उभ्या दिसायच्या आणि लोक म्हणायचे, ही मास्तरांची रॅक. मला वाटलं होतं हेवा आता संपेल. तो वाढला. ज्या माणसाचं आपण घेतलं त्याचा हेवा अधिक वाटतो, कारण घेतल्यावरही ते त्याच्याकडेच राहिलेलं दिसतं.

एकदा ज्यांच्याभोवती कड्या वळायच्या त्या सळया झिजल्या म्हणून शेठने त्याला पेणहून रोह्याला धाडलं. त्याने दिवसभरात नव्या सळया करून दिल्या. निघताना माझ्या टेबलाशी आला. ट्रेसिंग खिडकीच्या काचेवर चिकटवलेलं होतं, मागून ऊन येत होतं आणि खरवडलेली जागा बाकी कागदापेक्षा उजळ दिसत होती. त्याने तिथे अंगठा ठेवला. हलकेच, तारेची जाडी बघायचा तसाच.

"हितं कागद पातळ झालाय, मास्तर," तो म्हणाला. "जपा. फाटंल."

मी म्हणालो, "चहा घेणार?"

"नको. गाडी हाय." आणि गेला.

पेणची शेड पुढे बंद पडली. तो बाजारात परत छत्र्या घेऊन बसला असं कळलं. मी पेणला जायचो तेव्हा त्या गल्लीतून जात नसे. बायको जायची. घरी येऊन सांगायची, "विचारत होते, मास्तर बरे आहेत ना." जाळीचा एक पाय एकदा तिने त्याच्याकडून जोडूनही आणला. ती जाळी अजून आहे.

तो गेल्याची बातमी मला तिनेच सांगितली, आणि महिना झाल्यावर म्हणाली, "जाऊन या. नाहीतर नका जाऊ, पण मग त्या जाळीकडे बघून तोंड फिरवायचं बंद करा." तिला कधी काही सांगितलं नव्हतं. तरी ती असं म्हणाली.

वडखळला उतरलो आणि पुढे रिक्षाने गेलो. सबंध वाटेत वाक्य तयार करत होतो: रोह्यात जी मिटली नाही ती त्यांची नव्हती, माझी होती. मोजकं वाक्य. त्यात एकही जादा शब्द नव्हता.

त्याची बायको ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी नाव सांगितलं. ती उठली. "या मास्तर. ते सांगायचे तुमचं. बसा, च्या ठेवते." शेजारणीला हाक मारून म्हणाली, "अगो, दूध दे गो वाईच, पेणचे मास्तर आलेत."

ती आत गेली आणि तिच्या मागे माझी नजर गेली. चुलीच्या भिंतीला एक पांढरी रॅक उभी होती. पांढरी आता पिवळट झाली होती, पण खाडीच्या हवेतही तिला कुठे गंज नव्हता. सवयीने मी मोजलं. वरच्या कप्प्यावर नऊ डबे. मधल्यावर पितळेचं पातेलं, तवा, दोन कळशा. खालच्यावर तांदळाचं पिंप, काठोकाठ. त्या एका कप्प्यावरच मी धरलेल्या अठरा किलोच्या दुपटीच्या पुढे भार होता.

मी उठून आत गेलो. वाक्य तोंडात आलं होतं.

"वहिनी, ही रॅक…"

"तुमचीच की," ती चहात साखर घालत म्हणाली. "शेठ भंगारात टाकनार व्हता. हे रोह्यावरनं डोक्यावर घेऊन आले. मी बोलले, मिटत नाय ती कशाला आनली? तर बोलले, मास्तरांची हाय. मिटत नाय, पन भार लय घेते."

वाटेत तयार केलेलं माझं वाक्य त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, आणि माझ्यापेक्षा कमी शब्दांत.

मी मधल्या कप्प्याखाली बोट घातलं आणि केसभर उचलून पाहिलं.

"मिटू नका हां," ती म्हणाली. "सगळं पडंल."

हलत नव्हती.